निळ्या टँकरची ओटी

ठण्ण.

दुपारचं सगळं घर गपगार पडलेलं असताना परसातल्या आडातून आवाज आला आणि माझ्या कुशीतल्या बाळानं दोन्ही हात वर फेकले, जसा काही दारात दरोडेखोर उभा आहे. मग बोटं हळूहळू मिटली, ओठ दोनदा चुळचुळले आणि ते परत झोपलं. मी मात्र जागीच राहिले. तो आवाज अव्वाचा होता, म्हणजे अव्वानं आडात सोडलेल्या पोहऱ्याचा. फाल्गुनापासून आडात पाणी नव्हतं, तरी माझी आई रोज जेवणं आटोपली की पोहरा सोडून बघायची. पोहरा तळाच्या दगडावर आपटायचा, ती दोर वर ओढायची, पोहऱ्यात डोकावायची आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायची, "आज न्हाई."

"काल जसं काही होतं," माझे वडील, आप्पा, पुढच्या दुकानातून म्हणायचे.

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढचा उन्हाळा. मी पहिल्या बाळंतपणाला लातूरहून निलंग्याला माहेरी आले होते. मे महिन्याच्या तीन तारखेला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिचं नाव गंगम्मा ठेवलं, कारण माझ्या सासूबाईंच्या आईचं नाव गंगम्मा होतं आणि सासूबाईंनी ते लग्न ठरलं तेव्हाच राखून ठेवलं होतं. मला अस्मिता ठेवायचं होतं. मी तसं दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बायका इतक्या मोठ्यानं गात होत्या की ते बाळालासुद्धा ऐकू गेलं नसेल. आप्पा म्हणाले, असू दे, या वर्षी घरात गंगा नावापुरती तरी आली.

बाळाला न्हाऊ घालायला धुरपताबाई यायची. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली, त्यामुळं ती कुणालाच भीत नसे. आप्पांनाही एकेरीत बोलायची. चांगल्या दिवसांत एका लेकराला तिला तीन घागरी कढत पाणी लागे. आता तिला एक मिळायची, आणि ती रोज त्या एका घागरीकडं असं बघायची, जसं काही कुणी तिला नाटकात चुकून मुलाचं काम दिलंय. "हे न्हाणं न्हाई," म्हणायची, "हे पुसणं हाय." पण पाय पसरून, साडी मांड्यांपर्यंत खोचून, गंगीला नडगीवर पालथं घालून ती तेल लावायला बसली की माझ्या लेकीचा चेहरा एखाद्या जुन्या मोठ्या सावकारासारखा निवांत व्हायचा. मी बाजूला शेगडीपाशी डोक्याला फडकं बांधून बसलेली. मला हात लावू द्यायचे नाहीत. माझं काम फक्त बघायचं आणि पाजायचं.

पाटाखाली घमेलं असायचं. गंगीच्या अंगावरून ओघळलेलं पाणी त्यात जमायचं, त्यात तिची लंगोटं निघायची, लंगोटांच्या पाण्यात फरशी पुसली जायची आणि फरशीचं पाणी परसातल्या लिंबाला. त्या उन्हाळ्यात गल्लीतली सगळी झाडं वाळली, आमचं लिंबाचं झाड तेवढं हिरवंगार राहिलं. पुढं त्या लिंबांचं लोणचं घातलं आणि सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. लिंबं कशावर पोसली होती ते मी कुणाला सांगितलं नाही.

दिवसभर मला एवढेच निर्णय घ्यायचे असत. उजवीकडं पाजायचं की डावीकडं. उचकी लागली तर थांबायचं की कपाळाला दोरा चिकटवायचा. झोपेत हसली तर सटवाई हसवते म्हणून अव्वानं खूश व्हायचं, आणि झोपेत ओठ काढून रडवेली झाली तर तीच सटवाई रडवते म्हणून परत खूश व्हायचं. मी मात्र दोन्ही वेळेला छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघायची. तिच्या डाव्या पायाची करंगळी जराशी आत वळलेली आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. ते कुणाला सांगावं की ठेवून घ्यावं, हाही एक निर्णयच होता. ठेवून घेतलं.

आमचे हे एस.टी.त कंडक्टर. नाव बसवराज, लिहिताना घेते, बोलताना घेत नाही. त्यांची ड्यूटी लातूर–निलंगा गाडीवर. दुपारी गाडी निलंग्याला लागली की तिला आठ मिनिटं थांबा. स्टँड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हे त्या आठ मिनिटांत चालत नव्हे, पळत यायचे. दोन मिनिटं येण्यात, दोन जाण्यात, आणि मधली चार मिनिटं गळ्यात चामड्याची पिशवी तशीच अडकवून पाळण्यावर वाकून उभे राहायचे. पिशवीतली चिल्लर खुळखुळली की गंगी डोळे किलकिले करायची. तिला बराच काळ बाप म्हणजे खुळखुळणारं काहीतरी असं वाटत असावं. येताना लातूरहून पाण्याचा एक कॅन सीटखाली घालून आणायचे. गाडीतले लोक विचारायचे, कंडक्टरसाहेब, पाण्याचं तिकीट फाडलं का. हे म्हणायचे, पाच वर्षांखालचं आहे, फुकट.

एका दुपारी कॅनबरोबर त्यांनी एक पाकीट आणलं आणि तिकीट द्यावं तसं माझ्या हातात दिलं. ऑर्डर होती. मी डी.एड. होऊन दोन वर्षं वाट बघत होते. नवा जिल्हा झाला, नव्या शाळांना माणसं लागली आणि माझं नाव निघालं. शाळा लातुरातच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. सासूबाई बाळ सांभाळणार, मी मधल्या सुट्टीत येऊन पाजणार, सगळं त्यांनी आणि सासूबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. हजर व्हायची तारीख तेरा जून, सोमवार. त्या दिवशी हजर झाले नाही तर नाव खाली जाणार, आणि खालच्या नावाचं पुढं काय होतं ते मी दोन वर्षं बघितलं होतं.

हे पळत गाडीकडं गेले. मी ऑर्डर तीनदा वाचली. मग गंगीलाही वाचून दाखवली. तिनं जांभई दिली.

अडचण दुसऱ्या दिवशी न्हाणीत निघाली. अव्वानं आनंदानं सांगितलं, लेक रविवारी लातूरला निघणार. धुरपताबाईचा तेलाचा हात थांबला.

"आड पुजला का?" तिनं विचारलं.

आमच्याकडं सव्वा महिना झाला की बाळंतीण आडावर जाते, पाच खडे मांडून पाण्याची पूजा करते, ओटी भरते, मग तिनं घागर उचलायची, चुलीशी जायचं, गावची शीव ओलांडायची. सव्वा महिना दहा तारखेच्या शुक्रवारी भरत होता. तारखेची अडचण नव्हती. आडाची होती.

"मावशी, आडात पाणीच नाही," मी म्हटलं.

"मंग पाणी येईस्तोवर थांब."

"नोकरी थांबत नाही."

"न्हाई थांबत तर जाय. मी कोण अडवनारी? पण कोरडा आड पुजून गेलीस तर अंगावरचं दूध तसंच कोरडं पडतंय. आन् न पुजता गेलीस तरी तेच." तिनं गंगीची पाठ चोळायला परत सुरुवात केली. "भात्तरच्या दुष्काळात एकीनं ऐकलं न्हाई माझं. लेकरू शेळीच्या दुधावर वाढवावं लागलं. आता अकरा वर्साचं झालं, पण अजून हिरवा पाला दिसला की पोरगं थबकतंय."

मला बालमानसशास्त्रात वर्गात सर्वांत जास्त मार्क होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण दूध माझं होतं. त्या संध्याकाळी गंगी पिता पिता दोनदा रडली आणि मला वाटलं, झालं, आटायला लागलं. डब्याचं दूध आणायचं म्हटलं तरी ते कालवायलाही पाणीच लागणार होतं. नोकरी घ्यायची ती तिच्यासाठी, आणि नोकरीला जाताना तिच्याच तोंडचं न्यायचं, हे मला काही जमेना. मी ऑर्डर उशीखाली ठेवली आणि तिच्यावरच डोकं ठेवून छताकडं बघत राहिले.

अव्वानं आमच्या लिंगायतांच्या स्वामींना, मन्मथस्वामींना, बोलावलं. गंगीच्या गळ्यात लिंग त्यांनीच बांधलं होतं. स्वामी पाटावर बसून म्हणाले की आपल्यात मुळात विटाळ मानतच नाहीत, लिंग बांधलं की बाळ शुद्ध आणि बाळंतीणही शुद्ध, पोरीला खुशाल जाऊ द्या. मी जिंकले असं मला वाटलं. धुरपताबाई उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. तिनं मान वरही केली नाही. म्हणाली, विटाळाचं कोण बोललं स्वामी, मी दुधाचं बोलायलेय. त्यातलं तुमाला काय कळतं का. स्वामींनी थोडा विचार केला, दुधाचा चहा घेतला आणि गेले.

शाळेजवळ हातपंप होता. तीनशे हापसे मारल्यावर तो तांब्याभर लाल पाणी द्यायचा आणि त्या तांब्यावर रोज दोन घरं बोलेनाशी व्हायची. धुरपताबाई म्हणाली, ते पाणी न्हाई, भांडण हाय, भांडनाची पूजा मी सांगनार न्हाई.

शेवटी वाट अव्वाला सुचली. आडात पाणी नाही तर पाणी जिथं येतं तिथं जाऊन पुजू. टँकर पुजू.

धुरपताबाईनं यावर गंगीचं सगळं अंग शेकून होईपर्यंत विचार केला. मग म्हणाली, त्याला पोट हाय, तोंड हाय, आत पाणी हाय. आडाला तरी याच्यापरीस जास्त काय असतंय. फक्त एक अट. पूजा आधी, घागरी नंतर. उष्टं पाणी पुजायचं नाही.

ही अट आमच्या गल्लीत मान्य होणं म्हणजे काय हे टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसालाच कळेल. रांगेत पहिला नंबर पंचफुलाबाईचा असायचा. चार घागरी, एक बादली आणि एक तोंड, असं आप्पा म्हणायचे. अव्वा तिला भेटून आली. पंचफुलाबाई म्हणाली, बाळंतिणीसाठी थांबेन, पण पूजा लांबवायची न्हाई, देवाला काय सांगायचं ते घरूनच ठरवून या.

नेहमीचा टँकर लिंबाजी ड्रायव्हरचा होता, रंग उडालेला, गळका. तो आठवडाभर आलाच नव्हता. बिघडून कुठंतरी उभा आहे असं ऐकलं होतं. पण पंचफुलाबाईनं बातमी आणली होती की शुक्रवारी टँकर येणार, आणि तो नवा कोरा असणार. नवा जिल्हा झालाय, मग टँकर बी नवाच देणार की, असं तिनं इतक्या ठामपणे सांगितलं की दोन दिवसांत तिलाही ती बातमी दुसऱ्याकडून ऐकायला मिळाली आणि तिचा त्यावर पक्का विश्वास बसला.

शुक्रवारी सकाळी मी अडतीस दिवसांनी उंबरा ओलांडला. डोक्याला फडकं, वर पदर, कानात कापूस, पायात चपला, हातात ताट. ताटात हळदकुंकू, भिजवलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या, खण, नारळ, निरांजन आणि पाच खडे. गंगी धुरपताबाईच्या हातात, नवं कुंचडं घालून, गालाला तीट. उन्हानं माझे डोळे दिपले. सव्वा महिन्यात जग फार मोठं झालं होतं.

गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून चहाचं हॉटेल आहे. टँकर तिथंच थांबायचा. हॉटेलवाल्यानं त्या वर्षी पाटी लावली होती: चहा मिळेल, पाणी मागू नये. घागरींची रांग त्या पाटीपासून आमच्या दारापर्यंत पोचली होती. आणि साडेदहाच्या सुमाराला टँकर आला.

निळा. चकचकीत निळा. पुढं काचेवर लिंबू-मिरची, मागं पितळी तोट्या, पोटावर मोठ्या गोल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. अक्षरं तेलगू होती. रांगेत एक म्हणाली, लातूरला आता असंच लिहितेत. ड्रायव्हर खाली उतरला, एवढ्या बायका रांगेत उभ्या बघून जरासा बिचकला, आणि हॉटेलात शिरला. पंचफुलाबाईचा पाय उचललाच होता, तेवढ्यात धुरपताबाईनं नुसता हात आडवा केला. रांग थांबली.

मला नंतर सगळ्यांनी विचारलं, तू शिकलेली, तुला कसं कळलं नाही. एक तर मला तेलगू येत नाही. दुसरं, पदर नाकापर्यंत ओढलेल्या बाईला टँकर दिसत नाही, टँकरखालची जमीन दिसते. आणि वासाचं म्हणाल तर वास सगळ्यांनाच आला होता. पण लिंबाजीच्या टँकरचं पाणीही डिझेलसारखंच वास मारायचं, त्या वासाची आम्हाला सवय होती. त्या उन्हाळ्यात त्या वासानं आमच्या तोंडाला पाणी सुटायचं.

मी तोटीखाली पाच खडे मांडले. हळदकुंकू वाहिलं. तोटीला हळदीची पाच बोटं ओढली. पितळेवर ती पिवळ्यावर पिवळी उमटली. घुगऱ्या ठेवल्या. खण आणि नारळ ठेवून टँकरची ओटी भरली. मागून पंचफुलाबाई म्हणाली, आता लुगडं पण नेसवता का त्याला, आणि रांग हसली. मग अव्वानं निरांजनासाठी काडी ओढली. वारा होता, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरीला तिनं पदराचा आडोसा केला आणि काडी धरली.

हॉटेलातून कपबशी फुटल्याचा आवाज आला. ड्रायव्हर धावत आला, गळ्यातला टॉवेल काढून त्यानं काडीवर, निरांजनावर, अव्वाच्या हातावर, सगळ्यावर एकदम टाकला आणि तिथंच मटकन खाली बसला.

"अम्मा, नक्को," तो म्हणाला. "दिया नक्को जलाव. पानी नै है. घासलेट है अम्मा, घासलेट."

मग पंचफुलाबाईनं हळूच आपली पहिली घागर पालथी घातली. मग दुसरी. मग एकेक करून सगळ्या बायका म्हणायला लागल्या की आपल्याला आधीच वास आला होता. हॉटेलवाला दुरून हात जोडून उभा होता, देवाला की आम्हाला ते कळलं नाही. गाडी रॉकेल घेऊन बाजारातल्या एजन्सीकडं चालली होती आणि ड्रायव्हर फक्त चहाला थांबला होता.

मी पदर मागं केला. पहिल्यांदा टँकर नीट बघितला. तोटीवर माझी पाच बोटं होती. घासलेटाला मी खण-नारळानं ओटी भरली होती. धुरपताबाईकडं बघायची मला हिंमत होईना. कोरड्या आडानं दूध आटतं, तर घासलेटानं काय होत असेल याचा तिलाही काही अनुभव नव्हता. सोमवार तीन दिवसांवर होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एवढ्या दुष्काळात तेवढंच पाणी न मागता येत होतं. गंगीनंही सूर लावला. तिला भूक लागली होती.

धुरपताबाईनं गंगीला माझ्याकडं दिलं आणि ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिली. तो अजून जमिनीवरच होता, तिच्या नातवाच्या वयाचा, बिदरच्या पलीकडचा कुठला तरी. ती त्याला म्हणाली की भरलेली ओटी परत उचलता येत नाही, तेव्हा आता यातून वाट त्यानंच काढायची. त्याला मराठी फारसं कळत नव्हतं. अव्वानं थोडं कानडी, थोडं दखनी मिसळून सांगितलं: पोरीचं सव्वा महिन्याचं बाळ, पाण्याची पूजा, नाही झाली तर दूध आटणार, सोमवारी नोकरी. शेवटचं त्याला कळलं की नाही कोण जाणे. पण त्यानं माझ्याकडं बघितलं, रडणाऱ्या गंगीकडं बघितलं, तोटीवरच्या हळदीकडं बघितलं. मग डोकं खाजवत उठला आणि टँकरच्या तोंडाकडं गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात छागल होती. ट्रकवाले गाडीच्या पुढं टांगतात ती कॅनव्हासची पाण्याची पिशवी, ओली, गच्च फुगलेली, वाऱ्यानं गार झालेली. दोन्ही हातांवर घेऊन तो चालत होता, गंगीला न्हाणीतून उचलून आणतात तसा.

"पानी है अम्मा," तो म्हणाला. "थोडा है."

धुरपताबाईनं छागलीला हात लावून बघितला. गारवा हाताला लागला तशी तिच्या तोंडावरची रेष न रेष सैल झाली. "बघा," ती रांगेकडं वळून म्हणाली, "टँकरवर पाणी न्हाई म्हनत होत्या."

मग पूजा झाली. ड्रायव्हरनं छागलीचं तोंड धरलं, धुरपताबाई म्हणाली वाहतं पाहिजे, धार धर, आणि त्यानं बारीक धार धरली. पाच खड्यांवरून हळद वाहायला लागली. दिवा अर्थात लावला नाही. धुरपताबाई म्हणाली, दिवसाढवळ्या पाण्याला माणूस दिसतंय. गंगीला छातीशी धरून मी डोळे मिटले. घरून ठरवून आले होते पुष्कळ, पण ऐनवेळी एकच आठवलं. हिच्यापुरतं दूध राहू दे.

धार चालूच होती. त्यातलं एक तांब्या भरून अव्वानं घरी न्यायला घेतलं, कारण पुजलेलं पाणी घरात शिंपडायचं असतं. पिशवीत तळाला अजून बरंच पाणी होतं. ते सगळं पंचफुलाबाईनं आपली घागर उताणी करून ओतून घेतलं. म्हणाली, टँकर असो नसो, पहिला नंबर माझा. आणि त्यावर ड्रायव्हरसकट सगळे हसले. धुरपताबाईनं खण-नारळ त्याच्याच हातात दिला, घरच्या बाईला दे म्हणाली. त्यानं खण डोळ्यांना लावला, नारळ सीटवर ठेवला, छागल पुढं जिथल्या तिथं टांगली. गाडी निघाली तेव्हा तोटीवर हळदीची बोटं तशीच होती.

दुपारी हे पळत आले तेव्हा चार मिनिटांत हा सगळा प्रकार अव्वा, आप्पा आणि मी तिघांनी एकदम सांगितला. त्यांना फक्त एवढंच कळलं की बायको रॉकेलच्या टँकरची पूजा करून आली आणि जिवंत आहे. ते कॅन ठेवून परत पळत गेले.

रविवारी मी त्यांच्याच गाडीनं लातूरला आले. मला त्यांनी पूर्ण तिकीट फाडलं, गंगीचं नाही. सोमवारी दहाला मी शाळेत सही केली, आणि मधल्या सुट्टीत पळत घरी गेले तेव्हा माझं पोलकं दोन्हीकडून भिजलेलं होतं. त्यानंतर गंगी अडीच वर्षं अंगावर प्यायली. सासूबाई शेवटी कडुनिंब लावायला निघाल्या होत्या.

आता ती चार वर्षांची आहे. लातुरात आम्हाला नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि ही गोष्ट तिला आठवड्यातून दोनदा लागते. पंचफुलाबाईचा आवाज मी काढते, ठण्ण ती करते. काडी विझते तिथं ती फुंकर मारते. "घासलेट है अम्मा" म्हटलं की पोट धरून हसते, मग मी हसते, मग सासूबाई आतून म्हणतात, पुरे आता, पोरीला उचकी लागेल. गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी संपते: मामानं छागल टांगली, गाडी भुर्र गेली, गंगीला दूध मिळालं.

परवा शाळेतून आले, पाय धुतले, आणि तिला जेवू घालता घालता तीच गोष्ट सांगितली. गाडी भुर्र गेली. पण ती हसली नाही. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं तोंडाजवळ नेला होता, तो परत खाली ठेवला.

"आई," ती म्हणाली, "मग त्या मामानं वाटेत काय प्यायलं?"